उतारावरची ज्वारी

मित्रांनो, डोमाजीच्या कोठ्यात बैलांच्या दावणीपलीकडे पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचे, भारे रचून ठेवले आहेत. त्या भाऱ्यांमागे वाकून पाहिलंत तर एक फाटकी बैठक आणि तीन चाकं दिसतील. ती मी. मी एक तीनचाकी सायकल आहे. मला पायांनी नाही, हातांनी चालवतात. माझं पायडल बसणाऱ्याच्या छातीसमोर आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी मला बनवलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लोखंड कापल्याचा आवाज आणि लाल रंगाचा वास, एवढंच. खरं आठवतं ते उटनूरपासून. तिथे एक शिबिर होतं. मांडव घातला होता आणि आम्हा तीनचाक्यांना झेंडूच्या माळा घालून रांगेत उभं केलं होतं. पाहुण्यांनी मोठी भाषणं केली. जग पुढे चाललं आहे, कोणालाही मागे ठेवायचं नाही, असं सगळे म्हणाले. मला ते ऐकून फार बरं वाटलं. मी नवीन होते.

माझ्यासमोर एक बाई जमिनीवर बसून होती. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले होते. हातांच्या पंज्यात तिने रबरी चपला घातल्या होत्या आणि हातांवर भार देत ती सरकत होती. ती रुपाबाई. तिच्या मागे पिशवी घेऊन उभा होता तो तिचा नवरा, डोमाजी.

"बस वं," डोमाजी म्हणाला.

"पहिले तुमी बसून पाहा. मोडली तं तुमच्या खाली मोडन," रुपाबाई म्हणाली.

आजूबाजूचे हसले. मग ती बसली. पायडल फिरवलं, आणि मी हलले. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण फोटो काढणारा पुढे आला. पण ती रडली नाही. तिने विचारलं, "हिले बिरेक कुठं हाय?"

बाजारहत्नूरच्या पुढे आत शिरलं की त्यांचं गाव. कापूस आणि ज्वारीची शेतं, मध्ये नाला, नाल्याच्या काठाने घरं. त्या गावात मी कामाला लागले. रुपाबाई ब्लाउज शिवायची. पूर्वी बायका कापड घेऊन तिच्याकडे यायच्या, आता ती माप घ्यायला त्यांच्या घरी जाऊ लागली. गिरणीवर दळण न्यायची. माझ्या मागच्या पेटीत शेजारणींचेही डबे असत. आठवडी बाजाराला ती एकटी जायची आणि डोमाजीला सांगायची, "तुमी घरी राहा. तुमाले भाव करता येत नाई."

डोमाजीला कोणी कोणी टोमणा मारत असे की, अशी बायको काय पाहून केली. तो म्हणायचा, "तोंड पाहून केली. भांडाले चांगली वाटली."

तो माझ्या साखळीला स्वयंपाकघरातलं करडीचं तेल द्यायचा. रुपाबाई आतून ओरडायची, "भाजीले थेंब नाई अन् चेनले फोडणी देऊन राह्यले!" इचोड्याला पंक्चरवाल्याने त्याला ग्रीसचा डबा दिला होता. तो उघडलाच नाही. करडीच्या तेलाने चाक मऊ चालतं, असं त्याचं म्हणणं होतं. खरंच चालायचं.

रस्त्यात कोणी नसलं की रुपाबाई माझ्याशी बोलायची. कोणाची बाही उसवली, कोणाची सून रुसली, सगळं सांगायची. मला उत्तर देता येत नव्हतं. पुढे त्याचंच मला फार वाईट वाटणार होतं, पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं.

मग गावात दवाखाना झाला. नाल्याचं पाणी चढतं म्हणून जोतं चांगलं उंच घेतलं होतं आणि वर जायला पायऱ्या होत्या. उघडायच्या आधी तिथल्याच मोठ्या खोलीत गावाची सभा ठरली. आमचं गाव मराठी बोलणारं, पण सरकारी कारभार तेलुगूत; पंचायतीचे सेक्रेटरीही तेलुगू बोलणारे. त्यांनी दवंडीवाल्या पंढरीला शब्द पढवले. पंढरी डफ वाजवत गल्लीतून गेला आणि ओरडला, "ऐका हो! नव्या दवाखान्यात सभा हाय! अंदरू रावाली हो, अंदरू रावाली!"

रुपाबाई दारात काज करत बसली होती. तिने सुई थांबवली. "आवो, ऐकलं का? अंदर याले सांगून राह्यले."

आजवर गावातल्या सगळ्या सभा तिने खिडकीखाली बसून ऐकल्या होत्या. आत कोणी बोलावलं नव्हतं. तिने नवं लुगडं नेसलं, वेणी घातली आणि आम्ही गेलो.

पायऱ्यांपाशी मी थांबले. आत माणसं बसली होती. रुपाबाईने खालूनच हाक दिली, "सरपंच! दवंडी देली, अंदर या म्हनून. आता मी कशी येऊ थे सांगा."

सरपंच भगवानराव दारात आले. ते थट्टेखोर पण मनाने चांगले. त्यांच्यामागे शाळेचे मास्तर सुधाकरराव होते. मास्तरांना हसू आलं. "वहिनी, अंदरू म्हंजे अंदर नाई. तेलुगू हाय थे. अंदरू म्हंजे सारे. साऱ्यांनी यावं, असं म्हटलं."

आत हशा पिकला. पंढरीही हसला. रुपाबाईही हसली, आणि म्हणाली, "बरं, सारे म्हंजे सारे. मंग मास्तर, मोजा बरं. सारे आले का?"

"आले ना."

"मी कुठं हाय?"

आतलं हसणं हळूहळू थांबलं. भगवानराव पायरीवर बसले. कोणीतरी म्हणालं, दोघं जण उचलून आणतो. रुपाबाई म्हणाली, "आज उचलसान भाऊ. अन् मी बिमार पडली, घरी कोणी नसन, तवा कोण उचलन? बाईमानूस हाय मी. जो येईन त्याच्या हातात देऊ का अंग?"

त्या दिवशी सभा खाली अंगणात झाली. दवाखान्याला उतार बांधायचा, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. भगवानरावांनी आपल्या घराची रेती दिली. सेक्रेटरींनी वरून मंजुरी आणली. मिस्त्रीने इतक्या मनापासून काम केलं की उतार खळ्यासारखा सपाट आणि स्वच्छ झाला. दोन्ही बाजूंना कठडे लावले.

सिमेंट वाळल्यावर रुपाबाई एकटीच त्यावरून वर गेली. मला अजून तो चढ आठवतो. तिने मला कुठे थांबू दिलं नाही. आत नर्स भाग्यलक्ष्मी टेबलाशी बसली होती. तिने मोडक्या हिंदीत विचारलं, "क्या हुआ अम्मा?"

"कुछ नै हुआ," रुपाबाई म्हणाली. "आली फक्त."

आदिलाबादहून जीप आली, उतारावर आमचा फोटो निघाला. पाहुणे म्हणाले, बाकीच्या गावांनी हे पाहावं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला चांगला काळ होता.

आता मला जे सांगायचं आहे त्यात वाईट माणूस कोणी नाही. म्हणूनच ते सांगायला कठीण जातं.

उतार सपाट होता. दिवसभर ऊन. कठड्यामुळे गुरं शिरत नव्हती. दवाखाना काही रोज लागत नाही. तेव्हा कोणीतरी एकदा त्यावर मिरच्या वाळत घातल्या. मग तुरी आल्या. मग कोणी रात्रीची मोटरसायकल लावली. भगवानराव रुपाबाईला म्हणाले, "वहिनी, तुमी आल्या की फक्त आवाज द्या. आमी सरकवतो."

आणि खरंच सरकवायचे. रुपाबाईने हाक दिली की बायका झाडू आणि टोपली घेऊन धावत यायच्या. "उचला वो पथारी, राणीची सवारी आली!" असं म्हणून हसायच्या. रुपाबाईही म्हणायची, "राणीले कोणी बसून वाट पाहाले लावते का?" पहिल्यांदा गंमत होती. मग हसणं कमी झालं. मग एकदा, वाळत घातलेलं गोळा करताना एक बाई पुटपुटली, "आताच तं घातलं होतं." ती मोठ्याने बोलली नव्हती. पण मी खाली उभी होते आणि रुपाबाई माझ्यावर बसली होती. आम्ही दोघींनी ऐकलं.

परतताना ती मला म्हणाली, "बोट देलं तं मनगट धरते म्हनतीन लोक. रस्ता मागतला, देला. आता रोज रोज काय मागू?"

त्या वर्षी कापसाची शेवटची वेचणी चालू असताना तिच्या पोटात दुखू लागलं. आधी तिला वाटलं पायडल मारून दुखत असेल. मग ते थांबेना. रात्री ती उशी पोटाशी धरून बसायची. डोमाजी म्हणाला, "मंगळवारी डॉक्टरीणबाई येते. चाल, मी येतो."

"हरभरा कोण काढन?" ती म्हणाली. "मी काई लहान लेकरू हाय का? माझी मी जाते."

डोमाजीला तिच्या त्या बोलण्याचा अभिमान वाटायचा. माझी मी जाते, असं ती म्हणाली की तो दुसऱ्यांना सांगायचा. म्हणून तो शेतात गेला.

मंगळवारी आम्ही दवाखान्याशी आलो. पूर्ण उतारावर ज्वारी पसरली होती. पांढरी, टपोरी, नुकतीच मळलेली. ती सखूबाईची होती. सखूबाई म्हातारी, एकटी, बटईने, म्हणजे वाट्याने, केलेल्या जमिनीच्या तुकड्यातून तिची तेवढीच ज्वारी आली होती. ज्वारी पसरून ती भाकर खायला घरी गेली असावी.

माझ्या चाकांना नाल्याचा चिखल लागला होता. रुपाबाईने खाली वाकून चार दाणे बोटाला लावले आणि बोट कपाळाला टेकवलं. तिच्या घरात जमिनीवर सांडलेला दाणाही पायाखाली येऊ देत नसत. ती त्यावरून चिखलाची चाकं कशी नेणार होती?

वरून भाग्यलक्ष्मीने पाहिलं. "आओ अम्मा, आओ!"

शेजारच्या पारावरून लक्ष्मणराव उठले. ते रुपाबाईला दिरासारखे, भले गृहस्थ. "वहिनी, उचलून नेऊ का? काय मोठं काम हाय?"

दुखणं पोटातलं होतं, बाईचं होतं. तिने पदर नीट केला. "नको भाऊ. खास काई नोहतं. पुढच्या मंगळवारी येईन."

तिने मला वळवलं. तिच्या हातांची पकड नेहमीची नव्हती. पायडल फिरताना मध्येच थांबत होतं. संध्याकाळी डोमाजी शेतातून आला आणि त्याने विचारलं, "काय म्हटलं डॉक्टरनीनं?"

"गॅस हाय म्हटलं. गोया देल्या."

मित्रांनो, मी अंगणात उभी होते. मी ते ऐकलं. माझ्या पेटीत गोळ्या नव्हत्या. मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडले असते. माझी साखळी सुटावी, चाक निखळावं, काहीतरी व्हावं आणि डोमाजीने माझ्याकडे पाहावं, असं मला वाटलं. पण मी चांगली बनवलेली सायकल होते. माझं काहीच निखळलं नाही.

पुढच्या मंगळवारी उतारावर दुसऱ्याची ज्वारी होती. त्याच्या पुढच्या वेळी धुतलेला गहू. ती उताराच्या पायथ्याशी थोडा वेळ थांबायची, आजूबाजूला पाहायची. कोणी स्वतःहून येऊन उतार मोकळा केला असता तर ती वर गेली असती. हाक मात्र तिने मारली नाही. घरी येऊन म्हणायची, दाखवलं. डोमाजी रोज विचारायचा, "गोई घेतली का?" ती म्हणायची, "घेतली ना बापा, किती डोकं खाता!"

होळीच्या सुमाराला एका सकाळी ती चुलीपुढे आडवी झाली ती उठलीच नाही. डोमाजीने तिला दोन्ही हातांनी उचललं आणि ऑटोत ठेवलं. ऑटो इचोड्याकडे गेला, तिथून आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात. मला कोणी नेलं नाही. मी अंगणातच होते. पुढचं मी डोमाजीच्या तोंडून ऐकलं, नंतर, माणसं बसायला आली तेव्हा.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, इतकं वाढेपर्यंत काय करत होतात. डोमाजी म्हणाला, "दाखवून राह्यलो होतो साहेब. आमच्या गावात दवाखाना हाय. उताराचा हाय."

रुपाबाई परत आली नाही. तिचं शरीर आलं.

सगळं झाल्यावर एके दिवशी डोमाजी दवाखान्यात गेला. मला घेऊनच गेला, रिकामी, हाताने ढकलत. का ते मला कळलं नाही. त्याला बहुधा एकट्याने चालायची सवय राहिली नव्हती. त्याला फक्त विचारायचं होतं की तिला कोणत्या गोळ्या दिल्या होत्या. राहिलेल्या गोळ्या घरात सापडत नव्हत्या.

भाग्यलक्ष्मी बाहेर आली. ती तरुण मुलगी होती. तिचे डोळे भरले. "अन्ना, वो अंदर आयीच नै. नीचे तक आती थी. रुकती थी. फिर जाती थी."

"नीचे? नीचे काऊन?"

तिने उताराकडे बोट दाखवलं. त्या दिवशीही त्यावर ज्वारी होती.

डोमाजी ओरडेल असं मला वाटलं. तो ओरडला नाही. त्याने माझी पेटी उघडली, आतली पिशवी काढली, उताराच्या खालच्या टोकाशी उकिडवा बसला आणि हातांनी ज्वारी गोळा करू लागला. एकही दाणा पायाखाली न येऊ देता तो पुढे पुढे सरकत होता.

सखूबाई लगबगीने आली. "अगा डोमाजी, माझी हाय थे ज्वारी! काय करून राह्यला?"

"जमा करून राह्यलो."

"आता कोणासाठी गा? रुपा तं गेली."

डोमाजीने हात थांबवला नाही. "सखूबाई, तुमचे गुडघे कसे हायेत?"

"काय सांगू बापा. उठवत नाई."

"मंग तुमच्यासाठी समजा."

सखूबाई तिथेच खाली बसली. भाग्यलक्ष्मीने तिला हळूच सांगितलं, रुपाबाई कुठपर्यंत येत होती आणि का परतत होती. म्हातारीने कपाळाला हात लावला. "माय वं! माझी ज्वारी आडवी आली? एक आवाज द्याचा होता तिनं. मी फेकून देली असती सारी नाल्यात!"

"तिले माहीत होतं तुमी फेकली असती," डोमाजी म्हणाला. "म्हनूनच नाई देला."

दोघांनी मिळून उतार झाडला.

त्यानंतर काही महिने उतार मोकळा राहिला. भगवानरावांनी पंढरीकडून दवंडी पिटवली. पण माणसं विसरतात. सोयाबीन आलं तसं पुन्हा कोणीतरी पसरलं. आता मंगळवारी डोमाजी सकाळीच तिकडे जातो. कोणाचं धान्य असलं तर गोळा करतो आणि ज्याचं त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. भांडत नाही. कोणी कोणी चिडतं, म्हणतं की बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं आहे. तो ऐकून घेतो.

मला त्याने या भाऱ्यांमागे ठेवलं. कधी कधी येतो, फडक्याने पुसतो, साखळीला करडीचं तेल देतो. घरात आता कोणी त्यावरून ओरडत नाही. परवा नार्नूरकडचा एक माणूस आला होता. त्याची मुलगी प्रीती शाळेच्या वयाची आहे, तिला चालता येत नाही. इथे तीनचाकी पडून आहे असं त्याने ऐकलं होतं. त्याने भीत भीत विचारलं.

डोमाजी सवयीने बोलून गेला, "थांब गा, रुपाले विचारून सांगतो."

मग ध्यानात येऊन तो चहा करायला आत गेला. तो माणूस खाली मान घालून उभा राहिला. बाहेर येऊन डोमाजीने त्याला चहा दिला आणि म्हणाला, "पुढच्या बाजारी ये. पाहू." माणूस गेला. मी त्या बाजाराची वाट पाहते आहे. माझा रंग गेला आहे, बैठक फाटली आहे, पण पायडल फिरतं. त्या मुलीला मी शाळेपर्यंत नक्की नेईन. शाळेच्या दारापुढे काय आहे ते मात्र मला माहीत नाही.

मित्रांनो, ते तुम्हाला माहीत असेल. तुमच्या शाळेला, दवाखान्याला, पंचायतीला उतार असेल तर आज जाऊन पाहा, त्यावर काय ठेवलं आहे. सायकल असेल, पोतं असेल, कोणाचं वाळवण असेल, तर उचलून बाजूला ठेवा. कोणी दिसत नसलं तरी ठेवा. आपण चांगले आहोत, कोणी हाक मारली की लगेच धावू, असं आपल्या मनात असतं, आणि ते खरंही असतं. पण जिला रोज हाक मारावी लागते ती एके दिवशी हाक मारायचं थांबते, आणि ती थांबली आहे हे कोणालाच कळत नाही.